वाँटेजच्या मठांतील पंडिता रमाबाई

परक्या देशांत प्रवासी म्हणून चार महिने हिंडणें निराळें, आणि तेथील एखाद्या धर्मसंघाच्या घरांत, त्यांच्याच पंक्तीला बसून व त्यांच्याच कामाला हात लावून राहणें निराळें. प्रवाशाला लोकांचा दिवाणखाना दिसतो. घरांत राहणाऱ्याला स्वयंपाकघर, देवघर आणि प्रसंगीं घरधन्याचा रागहि दिसतो. अशा ठिकाणीं राहणाराला पुष्कळ मिळतें, तसें कांहीं द्यावेंहि लागतें. मात्र काय द्यावें आणि काय देऊं नये, हा प्रश्न मोठा अवघड असतो. पंडिता रमाबाईंनीं १८८३ ते १८८६ या काळांत इंग्लंडमध्यें तो कसा सोडविला, याची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्याजोगी आहे.

रमाबाईंचें पूर्वायुष्य महाराष्ट्राला परिचित आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ सालीं जन्मली. आईबापांबरोबर तीर्थयात्रा करीत असतां तिनें पुराणें मुखोद्गत केलीं. दुष्काळांत आईबाप गेले. पुढें १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं विवाह झाला, पण १८८२ च्या आरंभीं वैधव्य आलें. पदरांत मनोरमा ही तान्ही मुलगी. बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढें साक्ष दिली आणि हिंदी स्त्रियांसाठीं स्त्री डॉक्टर हवेत असें तेथें निक्षून सांगितलें. आपण स्वतःच वैद्यक शिकावें, या हेतूनें ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहून त्यांनीं प्रवासखर्चाची तजवीज केली, आणि १८८३ च्या एप्रिलांत मनोरमा व आनंदीबाई भगत नांवाची मैत्रीण यांच्यासह मुंबई सोडली.

वाँटेज हें गांव तेव्हां बर्कशर परगण्यांत होतें. आज तें ऑक्सफर्डशरांत मोडतें. तेथील पाद्री विल्यम जॉन बटलर यांनीं १८४८ सालीं धर्मभगिनींचा एक संघ स्थापिला होता. शाळा चालविणें आणि वाट चुकलेल्या स्त्रियांना आश्रय देणें, हीं त्या भगिनींचीं मुख्य कामें. या संघाची एक शाखा पुण्यासहि होती, आणि तेथील ओळखीनेंच रमाबाई वाँटेजला गेल्या. मात्र फुकटचें अन्न खाण्याची त्यांची तयारी नव्हती. हिंदुस्थानांत येऊं इच्छिणाऱ्या भगिनींना त्यांनीं मराठी शिकवावें व त्याच्या मोबदल्यांत आपण इंग्रजी शिकावें, असा व्यवहार ठरला. वैद्यकाचा बेत मात्र सिद्धीस गेला नाहीं, कारण त्यांना ऐकूं कमी येत असे.

आरंभींच एक भयंकर प्रसंग ओढवला. आपणांस बळेंच ख्रिस्ती करतील, या धास्तीनें आनंदीबाई भगत यांच्या मनाचा तोल गेला. एके रात्रीं त्यांनीं रमाबाईंचाच गळा दाबण्याचा प्रयत्न केला, आणि पुढें विष घेऊन जीव दिला. परमुलखांत, आपली भाषा बोलणारें एकुलतें एक प्रौढ माणूस असें गेल्यावर रमाबाईंच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच करावी. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १८८३ च्या २९ सप्टेंबर रोजीं, रमाबाईंनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या गोष्टीनें महाराष्ट्रांत मोठी खळबळ उडाली. एकाकीपणामुळें त्या वश झाल्या, असें कित्येक म्हणाले.

रमाबाईंनीं स्वतः पुढें जें कारण सांगितलें तें निराळें आहे. संघाच्या प्रमुख भगिनीनें हवापालट म्हणून त्यांना एकदां लंडनमधील शाखेंत पाठविलें. तेथें फुलहॅम भागांत पतित स्त्रियांसाठीं चालविलेलें आश्रयगृह त्यांनीं पाहिलें. आपल्याकडे जिचें तोंडहि कोणी पाहणार नाहीं, अशा स्त्रीची शुश्रूषा या कुलीन भगिनी ममतेनें करीत होत्या. आणि तेथें राहून सुधारलेल्या स्त्रिया पुन्हां दुसऱ्यांच्या सेवेला लागल्या होत्या. हें कशामुळें घडतें, असें बाईंनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची विहिरीकाठची कथा त्यांना वाचून दाखविली. साऱ्या हिंदुस्थानचीं तीर्थें पायांनीं हिंडलेल्या या बाईला अशी दया कोठेंहि संस्थेच्या रूपानें उभी दिसली नव्हती. धर्मशास्त्रांतील वादापेक्षां हें प्रत्यक्ष काम त्यांच्या मनाला भिडलें.

येथपर्यंत सर्व सुरळीत होतें. खरी कसोटी पुढेंच लागली. ज्या सिस्टर जेराल्डिन यांच्यावर बाईंच्या धर्मशिक्षणाचा भार होता, त्यांना बाई प्रेमानें ‘आजीबाई’ म्हणत. पण आजीबाई आणि नात यांचे खटके उडूं लागले. बाईंनीं मांस तर नाहींच, पण अंडें घातलेलें पक्वान्नहि वर्ज्य मानलें. ही जुन्या जातीच्या अभिमानाची खूण आहे, असें आजीबाईंना वाटे. नव्या देवाला भजण्यासाठीं जिभेची जुनी शुद्धता कां सोडावी, असें बाईंना वाटे. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें हवींत असें ठरलें, तेव्हां संस्कृत भाषा लॅटिनहून कोठें उणी आहे, असा त्यांनीं उलट सवाल केला.

१८८४ पासून बाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजांत गेल्या. तेथें त्या इंग्रजी, गणित व शास्त्रविषय शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांनाहि शिकवावें, अशी सूचना पुढें आली. पण हिंदुस्थानांतील बिशपसाहेबांनीं ती अनिष्ट ठरविली. स्वदेशीं पुरुषांच्या भरसभेंत शास्त्रार्थ केलेल्या या विदुषीला हें ऐकून आश्चर्य वाटलें. त्याहून मोठा वाद त्रैक्याच्या सिद्धांताचा. जें बुद्धीला व बायबलाला धरून दिसत नाहीं, तें केवळ धर्मसंस्था सांगते म्हणून आपण मानणार नाहीं, असें बाईंनीं कळविलें. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनीं या शंकांना न रागावतां, विस्तारानें उत्तरें लिहिलीं. विद्यार्थ्याची शंका म्हणजे उद्धटपणा नव्हे, हें त्या बाईंना पक्कें ठाऊक होतें.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. रमाबाईंनीं पोळीचें ऋण मानलें, परंतु टाळी मात्र मन सांगेल तेव्हांच वाजविली. दुसरी बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. मठांत आज्ञापालन हेंच व्रत असतें. आयुष्यभर तें पाळणाऱ्या भगिनींना, आपल्याच छपराखालील नवशिष्या प्रत्येक आज्ञेचें कारण विचारते, याचें दुःख होणें स्वाभाविक होतें. दोघींचीहि निष्ठा खरी होती. म्हणूनच तो वाद मिटला नाहीं आणि स्नेहहि तुटला नाहीं.

१८८६ च्या फेब्रुवारींत बाईंनीं इंग्लंड सोडलें. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास, ११ मार्च रोजीं, त्या फिलाडेल्फियास हजर होत्या. पुढें बरोबर तीन वर्षांनीं, १८८९ च्या ११ मार्चला, त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. वाँटेजला ज्यांच्यावर हिंदुपणाचा आरोप आला, त्यांच्यावरच १८९३ सालीं पुण्यास ख्रिस्तीपणाचा आरोप येऊन अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. तरी काम थांबलें नाहीं. दुष्काळाच्या वर्षांत केडगांवच्या मुक्ति सदनांत शेंकडों निराधार मुलींना आसरा मिळाला. आणि त्याच आवारांत पतित स्त्रियांसाठीं कृपा सदन उभें राहिलें. फुलहॅमचें बीज तें केडगांवच्या मातींत रुजलें. मात्र तें मराठी भाषेंत, मराठी पोषाखांत आणि शाकाहारी पंक्तींत रुजलें, हें विसरतां कामा नये.

या साऱ्या वादाचीं पत्रें सिस्टर जेराल्डिन यांनींच जपून ठेवलीं व एकत्र केलीं. आपल्याविरुद्ध जाणारीं उत्तरेंहि त्यांनीं टाकून दिलीं नाहींत, हा त्यांचा मोठेपणा. तीं पत्रें १९७७ सालीं महाराष्ट्रांतच प्रसिद्ध झालीं. घरांतील मुलगी किंवा मुलगा परदेशीं एखाद्या संस्थेंत सेवेसाठीं जावयास निघाला, तर आईबापांनीं तीं त्याच्या हातीं द्यावींत. तेथील चांगलें काम डोळे भरून पहावें, हातानें करावें आणि घरीं आणावें. पण स्वतःची विचार करण्याची शक्ति कोणाच्याहि स्वाधीन करूं नये, हें वाँटेजच्या त्या तीन वर्षांचें सार त्यांत सांपडतें.