आधी विचारपूस, मग वसुली



बचत गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशोबाच्या नोंदी. यात बैठक पहिली का? बचतीचे पैसे तर लेकराच्या हातीही धाडता येतात. पण 1992 साली नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा कर्जासाठी ना शेत गहाण लागलं ना सोनं. बायांची एकमेकींवरची भिस्त, हेच तारण ठरलं. आणि भिस्त बसायची तर एकमेकींची खबर पाहिजे.

आमच्या गटाचं तूरडाळीचं काम आहे. मध्यंतरी पाकिटं वजनात कमी भरू लागली. दुकानदाराने दोनदा माल परत केला. वजन करणारी आणि पाकीट बंद करणारी, दोघींचं बोलणं बंद झालं. एक तर गट सोडायला निघाली.

आमच्या बैठकीची रीत अशी, की वसुलीच्या आधी एक फेरी होते. प्रत्येकीने एवढंच सांगायचं: या आठवड्यात काम करताना काय जड गेलं? वजन करणारी दोन फेऱ्या "काही नाही" म्हणाली. तिसऱ्या फेरीत हळूच बोलली, "संध्याकाळी काट्यावरचे आकडे मला दिसत नाहीत." भांडण तिथंच मिटलं. काटा दुसरीने घेतला, ही मशीनवर तूर टाकू लागली. पुढे डोळे तपासले, चष्माही आला. हिशोबाच्या वहीत हे कधीच सापडलं नसतं.

अशी फेरी तुम्हीही घ्या. सगळ्या जणी सतरंजीवर गोल बसा. अध्यक्षबाईला वेगळी खुर्ची नको. एक बोलत असताना दुसरीने मधे बोलू नये, न मागता सल्ला देऊ नये. बैठकीतलं बोलणं नळावर जाऊ नये. फेरीची सुरुवात दर वेळी वेगळीने करावी, म्हणजे गप्प बसणारीचाही नंबर कधीतरी पहिला लागतो.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. अध्यक्षबाईनेही तसंच करावं: भाषण कमी, विचारणं जास्त.

निंदण-वेचणीच्या दिवसांत वेळ नसतो, हे खरं. तेव्हा फेरी दहा मिनिटांची करा, पण सोडू नका. अंग थकलेलं असतं, शब्दाने शब्द वाढतो, मनं दुखतात ती याच दिवसांत. जी आली नाही तिच्या घरी दुसऱ्या दिवशी दोघींनी जावं. दंड मागायला नव्हे, "कशी आहेस बाई?" म्हणायला.

पुढच्या बैठकीत पेटी उघडण्याआधी एवढं विचारून पाहा: तुला काय जड जातं? ते कळलं, की काम वाटून घेता येतं.