स्तनाचा कर्करोग : पेशीतील प्रथिनांचा कारभार
(महिला मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय काहींना संकोचाचा वाटेल. परंतु ज्या रोगाचे नाव घेण्यास आपण लाजतो, तोच घरात मुकाट्याने वाढतो. म्हणून शास्त्राच्या वाटेने त्याची ओळख करून घेऊ.

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळ, अंडी, मांस आठवते. पण पेशीतील प्रथिने ही तिची कामकरी मंडळी होत. कोणी दारावर राहून साखर आत घेते, कोणी बाहेरचा निरोप ऐकते, कोणी साखरेचे विघटन करते. या साऱ्या उलाढालीस चयापचय म्हणतात.

निरोगी पेशी ग्लुकोजच्या एका रेणूपासून प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, सुमारे ३० रेणू मिळविते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी मात्र प्राणवायू असूनही बरेचसे ग्लुकोज अर्धवट मोडून त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. त्यातून हाती येतात अवघे २. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात हे दाखविले. असा तोट्याचा व्यवहार कशासाठी? कारण वाढत्या पेशीला ऊर्जेबरोबर नव्या पेशी बांधण्यासाठी कच्चा मालही हवा असतो, आणि तो या वाटेवर मिळतो.

हे घडवितात प्रथिनेच. स्तनाच्या बहुतेक कर्करोगांत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा निरोप ऐकणारे प्रथिन असते. काहींत हर-२ नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढते. त्याचा निरोप पीआय-३ कायनेज या प्रथिनामार्फत पुढे जातो आणि पेशी अधिक साखर आत ओढू लागते. या ज्ञानातूनच औषधे आली. इस्ट्रोजेनचा निरोप अडविणारे टॅमॉक्सिफेन, हर-२ ला रोखणारे ट्रास्टुझुमॅब (अमेरिकेत मान्यता १९९८) आणि पीआय-३ कायनेजला आवरणारे अल्पेलिसिब (२०१९). इन्सुलिनचा निरोपही याच पीआय-३ कायनेजमार्फत जातो, म्हणून अल्पेलिसिबने रक्तातील साखर वाढू शकते.

मग साखर खाणे सोडले तर गाठ उपाशी मरेल काय? नाही. आपण न खाल्ले तरी यकृत ग्लुकोज तयार करतेच. असल्या सल्ल्यापायी उपचार लांबले, तर गाठ नव्हे, रुग्ण खंगतो.

गाठीवर कोणते औषध चालेल, हे तिच्यातील प्रथिने तपासून ठरते. पण त्यासाठी आधी गाठ डॉक्टरांपर्यंत पोचली पाहिजे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित महिला सेविकांनी केवळ हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, तपासणारी स्त्रीच. मग संकोच कशाचा?

विद्यार्थिनींनो, घरी गेल्यावर अम्मीला, खालाला, फुफीला एवढे अवश्य सांगा : गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी असते असे नाही. लपवू नका, दाखवा. लेकींना शास्त्र शिकविण्याचे चीज यातच आहे.