तीन मिनिटांचे बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस कोण होते, त्यांना बालगंधर्व का म्हणू लागले आणि १९११ साली ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांच्या घरावर कोणता आघात झाला होता, हे या मंडळाच्या सभासदांना नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. निमंत्रणपत्रातील अपेक्षा अधिक नेमकी होती. काही ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा मंडळाचा विचार आहे, काही घरांत आजोबांच्या काळच्या तबकड्याही आहेत, तेव्हा या दोन्हींचे काय करावे, हे कोणीतरी सांगावे, असे त्यात म्हटले होते. म्हणून प्रस्तुत विवेचन चरित्राकडे न वळता चाहत्यांच्या स्मरणाकडे आणि त्या स्मरणाचा ध्वनिमुद्रणाशी जो जुना तंटा आहे त्याकडे वळते.

बालगंधर्वांविषयीच्या आठवणी, मग त्या छापलेल्या असोत वा घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या, एका ठरावीक सामानाने गच्च भरलेल्या असतात: भरजरी शालू, अत्तराचा घमघमाट, रंगमंचावरचे खरेखुरे उंची गालिचे, प्रेक्षकांना घातलेली ‘मायबाप’ ही साद, पहाटेपर्यंत लांबलेले प्रयोग आणि त्यांतून गंधर्व नाटक मंडळीच्या डोक्यावर चढलेले कर्ज. हे सारे खरे आहे आणि रम्यही आहे. परंतु अशा दहा आठवणी एकापाठोपाठ वाचल्या तर लुगड्याचा काठ डोळ्यांपुढे स्पष्ट उभा राहतो आणि गाणे मात्र ‘अवीट’, ‘स्वर्गीय’, ‘काय सांगावे’ अशा शब्दांपाशी येऊन थांबते. याचा दोष चाहत्यांकडे जात नाही, कारण वस्त्राचे वर्णन करता येते आणि लयीचे वर्णन करण्यासाठी जी परिभाषा लागते ती रसिकाजवळ असेलच असे नाही. तरीही आठवणींचा संग्रह करणाऱ्याने ही उणीव आधीच ओळखून ठेवलेली बरी.

या स्मरणरंजनात एक तुलना वारंवार येते आणि ती खटकल्याशिवाय राहत नाही. तबकडीत काय आहे, खरे बालगंधर्व ऐकावेत ते रंगभूमीवर, असे म्हणून तबकडी बाजूला सारली जाते. या म्हणण्याला आधार नाही असे नव्हे. संगीत नाटकात ‘वन्समोअर’ची प्रथा होती, म्हणजे प्रेक्षकांनी आग्रह धरला की नट कथानक तिथेच थांबवून तेच पद पुन्हा गाई, आणि बालगंधर्वांच्या बाबतीत ही पुनरावृत्ती म्हणजे नुसती नक्कल नसून दर वेळी नवी आलापी, नव्या जागा आणि मुखड्यावर, म्हणजे पदाच्या आरंभीच्या तुकड्यावर, परतण्याची नवी वाट असे. उलट मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मावत असे, आणि १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला मायक्रोफोनऐवजी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे, ज्यात साथीची वाद्ये पुसट होऊन जात.

असे असूनही ही तुलना न्याय्य ठरत नाही, कारण तिच्यातील एक पक्ष साक्षीला उभा राहू शकतो आणि दुसरा राहू शकत नाही. रंगभूमीवरचे गाणे आज केवळ स्मरणात आहे आणि स्मरणातील गाण्याला कोणी बेसूर ठरवू शकत नाही, ते दर पिढीगणिक लांबतच जाते. तबकडी मात्र होती तेवढीच राहते, खरखरीसकट. तेव्हा तबकडीला नाटकाचा तुटका अवशेष न मानता स्वतंत्र रचना मानून ऐकणे अधिक फलदायी आहे. ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणीचे यमन रागातले पद याचे चांगले उदाहरण ठरेल. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या होत्या, आणि ख्यालातील चिजांचा, म्हणजे रागदारीतील बांधलेल्या गीतांचा, ढंग त्यांनी नाट्यपदांत आणला होता. अशा पदाची तबकडी ऐकताना पहिल्या वेळी केवळ शब्दांकडे लक्ष द्यावे: अलंकृत गळा असूनही अक्षर फुटत नाही, तान शब्दाच्या अंगावर चढत नाही, आणि जोडाक्षराचा उच्चार स्वरासाठी मऊ केला जातो तोही बोलण्याची लकब राखून. दुसऱ्या वेळी केवळ तालाकडे लक्ष द्यावे, म्हणजे समेवर, अर्थात तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी गायक किती सहज रेंगाळतो आणि तरीही धावपळ न करता कसा पोहोचतो, हे कळू लागते. तीन मिनिटांत मांडणी आटपायची असल्याने इथे पाल्हाळाला जागा नाही, आणि ज्या गायकाविषयी उधळपट्टीच्या एवढ्या कथा सांगितल्या जातात त्याची काटकसर ऐकायची तर ती इथेच ऐकायला मिळते. रंगभूमीवर ज्यांना कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला लाभला, त्या गायकाला लयीचे भान किती सूक्ष्म असले पाहिजे, याचा अंदाज या छोट्याशा अवकाशातही बांधता येतो.

चाहत्यांच्या तुलनाप्रेमाचा कळस अर्थातच ‘संयुक्त मानापमान’. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या या प्रयोगात बालगंधर्व भामिनी होते आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले, त्यामुळे त्या रात्रीला एक करुण झळाळी कायमची चिकटली. त्या रात्रीचा एक स्वरही मुद्रित झालेला नाही, आणि तरी कोण सरस ठरले याचा निकाल ज्यांचे वडीलही थिएटरात नव्हते असे लोक आजही छातीठोकपणे देतात. हा वाद निरुपद्रवी आहे, रंजकही आहे. फक्त तो संगीतविषयक पुरावा म्हणून नोंदवू नये.

या टप्प्यावर सभागृहातून प्रश्न आला की ‘सवाई गंधर्व’ हे नाव बालगंधर्वांना खाली पाडण्यासाठीच दिले गेले होते काय. प्रश्न विषयाला सोडून असला तरी मंडळाच्या स्वभावाला धरून होता. सवाई म्हणजे सव्वापट, त्यामुळे पदवीत तुलना आहेच. मात्र रामभाऊ कुंदगोळकर हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, त्यांनीही नाटकांतून स्त्रीभूमिका केल्या, आणि पुढे भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल यांचे गुरू म्हणून त्यांची कीर्ती रंगभूमीबाहेर वाढली. दोघांचे मार्ग इतके वेगळे की सव्वापटीचे माप कोणत्या काट्यावर घ्यायचे, हे सांगणे अवघड आहे. यावर मागच्या रांगेतून छोटा गंधर्वांचे नाव पुढे आले आणि चर्चा काही काळ गंधर्वांच्या मोजदादीत रमली; ती इथे गाळली आहे.

स्मरणाचा एक प्रकार मात्र असा आहे की ज्यापुढे वरील तंटा फिका पडतो. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाने जी पदे गायली, त्यांत बालगंधर्वांच्या गळ्याची प्रतिकृती कुठेही नाही. कुमारांची गायकी छोट्या, तुटक, अचानक उजळणाऱ्या स्वरवाक्यांची, तर मूळ गायकी ओघवती आणि लडिवाळ. तरीही शब्द कुठे टेकवायचा, मुखडा किती हलक्या हाताने घ्यायचा, याची समज इतकी खोल आहे की मूळ पद माहीत असलेला श्रोता चकित होतो. हुबेहूब गाणाऱ्यांनाही त्यांचे स्थान आहेच, आणि २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाटे यांच्या आवाजाने या पदांना नवा श्रोता मिळवून दिला, हे नाकारता येत नाही. पण चाहता जे जपतो ते आवाजाचा पोत असतो, तर कुमारांनी जपले ते गाण्यामागचे विचारसूत्र, आणि या दोन गोष्टी एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

प्रश्नोत्तरांतील दुसरा प्रश्न व्यावहारिक होता: घरच्या तबकडीतील आवाज एका ठिकाणी बारीक आणि दुसऱ्या ठिकाणी भरदार का लागतो, आणि त्यावरून तारुण्यातले गाणे ओळखता येईल काय. इथे सावधगिरी हवी. जुन्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या म्हटल्या जात असल्या तरी सगळ्या नेमक्या त्याच गतीने मुद्रित झालेल्या नाहीत; ७४ फेऱ्यांवर घेतलेले गाणे ७८ वर वाजवले तर पट्टी, म्हणजे गायकाचा आधारस्वर, जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते आणि चाळिशीतला गळा पंचविशीतला भासतो. तेव्हा आवाजाच्या कोवळेपणावरून वर्ष ठरवण्याआधी तबकडीवरचा क्रमांक पाहावा. तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटात विरघळते. एकावर एक रचून न ठेवता ती उभी ठेवावी. नंतरच्या लाँगप्लेची बारीक सुई तिच्यावर चालवू नये, कारण या तबकडीची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते आणि बारीक सुई तिच्या तळाशी घासत खरखर वाढवते. संगणकावर उतरवून घेताना मूळ ध्वनी जसाच्या तसा एकदा जतन करावा आणि खरखर काढण्याचे प्रयोग त्याच्या प्रतीवर करावेत. अतिस्वच्छ केलेल्या मुद्रणात सारंगीची किनार सर्वांत आधी नाहीशी होते.

राहिला ज्येष्ठांच्या आठवणींचा भाग. बालगंधर्व १९६७ साली गेले आणि त्यांचा बहराचा काळ त्याच्या कितीतरी आधी सरला होता, त्यामुळे आज ज्या आठवणी हाती लागतील त्यांपैकी बऱ्याच वडिलांकडून वा आत्याकडून आलेल्या असतील. तशी नोंद प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी करावी, म्हणजे पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ होणार नाही. शालूची गोष्ट सांगू द्यावी, ती अडवली तर पुढचे बोलणेही आटते. त्यानंतर मात्र सांगणाऱ्याला पद गुणगुणण्याची विनंती करावी आणि ध्वनिमुद्रण बंद करू नये, कारण घरात वर्षानुवर्षे गुणगुणलेल्या पदात एखादा ठहराव, एखादी लांबवलेली मात्रा, शब्दाची एखादी उचल अशी टिकून राहते की जी तबकडीत सापडत नाही आणि जी वन्समोअरच्या एखाद्या फेरीतून त्या घरात आलेली असू शकते. गुणगुणणाऱ्याचा सूर हलला तरी चालेल. त्याच पदाची तबकडी त्याला आधी मात्र ऐकवू नये. ऐकवल्यास तो तबकडीप्रमाणे गाऊ लागतो आणि त्याच्या घरची चाल त्या दिवसापुरती हरवते.