रंग खरा की खोटा?



पनवेलच्या खांदा कॉलनीपासून खारघर जवळच.
तिथं टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संस्था आहे.
तिची मुळं परळच्या संशोधन केंद्रात.
ते १९५२ साली सुरू झालं.
डॉ. वसंत खानोलकर त्याचे पहिले संचालक.

कर्करोगाचा विषय निघालाच आहे, तर आज बोलूया गाठीच्या तपासणीविषयी.

गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात.
मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात.
त्याचा अगदी पातळ काप काचपट्टीवर घेऊन रंगवतात.
स्तनाच्या कर्करोगात हार्मोनची खूण पेशीत असेल,
तर बहुधा तपकिरी रंग येतो.
त्यावर औषध ठरतं.

पण रंग आलाच नाही तर?
खूण नाही म्हणून, की रसायन निकामी झालं म्हणून?

यासाठी हवा कंट्रोल.
म्हणजे, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा तुकडा.
एक, रंग येणारा.
एक, न येणारा.
दोन्ही रुग्णाच्या तुकड्यासोबतच रंगवायचे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फिका रंग येणारा तुकडा.
रसायन थोडं कमजोर झालं, तरी गडद तुकडा रंगतोच.
फिका मात्र लगेच बोलतो.

कंट्रोलही रुग्णाच्या तुकड्यासारखाच तयार व्हायला हवा.
तेच फॉर्मलिन, तितकाच वेळ.

थोडक्यात सांगते:
कंट्रोलनं अपेक्षित उत्तर दिलं,
तरच अहवालावर विश्वास.

आणि श्रोतेहो,
मेणाचा ठोकळा प्रयोगशाळा जपून ठेवते.
दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल,
तर तो जरूर मागा.