आधी मोजा, मग पार्ट बदला

(वसई येथे महिला वाहनचालकांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी एकाच पार्टबद्दल बोलणार आहे. मॅप सेन्सर. इंजिनात हवा जिथून शिरते त्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब तो मोजतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्या हिशेबाने पेट्रोल सोडलं जातं. हिशेब बिघडला की गाडी काळा धूर सोडते, सिग्नलला बंद पडते, पेट्रोल पिते.

शीला डावरे यांनी १९८८ साली पुण्यात रिक्षा हातात घेतली तेव्हा कार्बुरेटरचा जमाना होता. जेट चोंदला तर उघडून डोळ्यांनी बघता यायचा. आता "ताई, सेन्सर गेलाय" म्हटलं की आपण गप्प. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एका मैत्रिणीने असाच नवा सेन्सर बसवून घेतला. दोन दिवसांची कमाई बुडाली, हप्ता थकला, आणि आठवड्याभरात धूर पुन्हा सुरू. माझ्याकडे गाडी आली तेव्हा सेन्सरची रबरी नळी टोकाशी चिरलेली निघाली. दहा मिनिटांचं काम! मीटर कुणी लावलाच नव्हता. "नवरा बरोबर असता तर लावला असता," असं ती म्हणाली, आणि मला ते खरं वाटतं.

तर मीटर कसा लावायचा? सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात: ५ व्होल्टची, अर्थची आणि सिग्नलची. चौथी असेल तर ती हवेच्या तापमानाची. वायरीचं आवरण टोचू नका. आपल्या खाऱ्या हवेत त्या भोकातून गंज शिरतो. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवा.

चावी ऑन, इंजिन बंद. आधी ५ व्होल्ट येतात का पाहा. येत नसतील तर दोष बहुतेक वायरिंगमध्ये आहे, नवा सेन्सर घेऊन काय करणार? ५ येत असतील तर सिग्नलची वायर बघा. आपण समुद्रसपाटीला, म्हणजे बाहेरचा दाब सुमारे १०० किलोपास्कल. साध्या पेट्रोल गाडीत तिथे साधारण ३.५ ते ४.५ व्होल्ट दिसतात. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, आणि टर्बोवाल्या गाडीचं गणित वेगळं.

आता इंजिन सुरू करा. पिस्टन हवा ओढतो, आत दाब घटतो, आकडा १ ते १.५ च्या आसपास उतरतो. झटकन ॲक्सिलरेटर दाबला की तो वर उडी मारतो. आकडा हललाच नाही, तर आधी नळी किंवा सेन्सरचं भोक काजळीने बुजलंय का ते बघायचं. नव्या गाड्यांत नळी नसते, सेन्सर थेट मॅनिफोल्डवर बसवलेला असतो. तिथे रबरी सील तपासायचं. पावसात रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर कनेक्टर उघडून हिरवट गंजही बघा. हे सगळं ठीक असूनही आकडा जागचा हलत नसेल, तर खुशाल सेन्सर बदला.

गॅरेजवाल्याशी भांडायचं नाही. "रीडिंग दाखवा, बिलावर लिहा आणि जुना पार्ट परत द्या," एवढंच म्हणायचं. चांगला मिस्त्री यावर चिडत नाही.

बाहेर गाडी उभी आहे, दोन मीटर आणलेत. जिने आजवर बॉनेट उघडलं नाही, तिने आधी यायचं.