सनदी शाळा आणि त्यांची मध्यवर्ती कचेरी



अमेरिकेतील चार्टर शाळांविषयी मी आज बोलणार आहे. चार्टर म्हणजे सनद. सरकारमान्य मंडळाने एखाद्या संस्थेला काही वर्षांसाठी शाळा चालविण्याची सनद द्यायची. खर्च सरकारी पैशातून, फी मुळीच नाही, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश. काम समाधानकारक नसेल तर सनद काढून घेतली जाते. आपल्या अनुदानित शाळांची येथे आठवण होईल, पण तिकडे सनद मुदतीची असते, हा फरक मोठा आहे. याचा पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ साली झाला.

आरंभी या शाळा एकेकट्या होत्या. मुख्याध्यापकानेच इमारत शोधायची, हिशेब लिहायचे, शिक्षक मिळवायचे, सरकारला अहवाल पाठवायचे. मग वर्गात काय चालले आहे ते पाहायचे कोणी? या अडचणीतून अनेक शाळा एकत्र चालविणाऱ्या संस्था पुढे आल्या. कॅलिफोर्नियात १९९८ साली निघालेली 'अस्पायर' ही त्यांतील पहिल्यांपैकी एक. 'किप' या संस्थेचे मूळ १९९४ साली ह्यूस्टन शहरात दोन तरुण शिक्षकांनी चालविलेल्या पाचवीच्या वर्गात आहे. आज तिच्या अडीचशेहून अधिक शाळा आहेत. हिशेब, खरेदी, शिक्षकांचे प्रशिक्षण, नव्या मुख्याध्यापकांची तयारी ही कामे मध्यवर्ती कचेरी करते, आणि त्यासाठी प्रत्येक शाळेच्या उत्पन्नातून काही हिस्सा घेते.

हा हिस्सा सत्कारणी लागतो काय, हे पालकांनी विचारलेच पाहिजे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ च्या पाहणीत अशा संस्थांच्या शाळांतील मुले वाचन आणि गणित या दोन्ही विषयांत बरोबरीच्या सरकारी शाळांतील मुलांपेक्षा सरासरीने पुढे आढळली. एकेकट्या सनदी शाळांना गणितात तशी आघाडी मिळाली नाही. अर्थात सरासरीच्या आड पुष्कळ काही लपते.

मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. 'किप'ने आपल्या पहिल्या तुकड्यांतील मुलांचा पुढे माग काढला आणि २०११ साली आकडा स्वतःच छापला: शंभरातील ३३ मुलांनी चार वर्षांची पदवी पूर्ण केली होती. गरीब घरांतील मुलांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी जास्त, पण संस्थेने मनाशी धरलेल्या उद्दिष्टापेक्षा पुष्कळ कमी. मुले कॉलेजात जात होती, पण मध्येच गळत होती. तेव्हा शाळा सोडून गेलेल्या मुलांना कॉलेजातही सल्ला आणि आधार देण्याचे काम संस्थेने वाढविले. दहावीच्या निकालाची टक्केवारी फळ्यावर लिहून समाधान मानणाऱ्या आपल्यापैकी किती संस्थांपाशी असा हिशेब आहे?

याची काळी बाजूही ऐका. ओहायो राज्यात संगणकावरून शिकविणारी एक मोठी सनदी शाळा होती. तिचे व्यवस्थापन संस्थापकाच्याच कंपनीकडे होते. जितक्या मुलांचे पैसे घेतले, तितकी मुले खरोखर शिकत असल्याचा पुरावा तिला देता आला नाही. राज्याने सुमारे ८ कोटी डॉलर परत मागितले आणि जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यात, शाळा बंद पडली. जवळजवळ बारा हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेने २०१६ साली नव्या सनदी शाळांना स्थगिती मागितली, तीही कारभार उघड आणि जबाबदार असावा म्हणून. वास्तविक या शाळांत त्यांच्याच समाजाची मुले मोठ्या संख्येने शिकतात. पण सरकारी शाळांचे मंडळ बहुतेक ठिकाणी लोकांच्या मतांवर निवडून येते. सनदी संस्थेचे विश्वस्त तसे येत नाहीत. मुलाला शाळेतून काढून घेणे एवढाच मार्ग नाराज पालकाच्या हाती उरतो, आणि वर्षाच्या मध्यात तोही सोपा नसतो.

आपल्या सोसायटीचा वार्षिक अहवाल आणि जमाखर्च याच स्मरणिकेत छापला आहे. तो पालकांनी घरी नेऊन वाचावा, आणि पुढच्या सभेला प्रश्न घेऊन यावे. विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी चिटणीस साहेबांनी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. त्यांतील दोन मी आधीच खाल्ली, म्हणून येथेच थांबतो.