नाद डोळ्यांना दाखविताना



नाद डोळ्यांना दिसावा, ही हौस आजची नव्हे. क्लाड्नी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरली, कडेवरून गज ओढला, आणि वाळूने ज्या आकृत्या धरल्या त्या १७८७ साली प्रसिद्ध केल्या. आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही तबला-मृदंगाच्या पुडीवर वाळू टाकून पाहिली, आणि शाईमुळे तिचे उपस्वर सुरेल पटीत कसे बसतात, हे १९३४ साली सविस्तर मांडले. आम्ही काही मित्रांनी वाळूऐवजी ग्राफिक्स कार्ड घेतले, इतकेच.

हे कार्ड म्हणजे काय? लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. संगणकाचा मुख्य प्रक्रियक हा आचारी. त्याला सगळे येते, पण हात दोनच. कार्ड म्हणजे वाढप्यांची फौज. प्रत्येकाला एकच काम, पण हजारो पानांवर ते एकदम होते. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात आणि ते सेकंदातून ६० वेळा रंगवावे लागतात. हे आचाऱ्याचे काम नव्हे. २००१ साली ही कार्डे ठिपक्याठिपक्याचा रंग आपल्या आज्ञेप्रमाणे ठरवू लागली आणि त्याच साली विनॅम्पवर ‘मिल्कड्रॉप’ने गाण्याबरोबर रंग नाचविले. रंग देखणे खरे; पण गाणारा यमन गातो आहे की भूप, हे त्यांवरून सांगता येत नाही. आम्हांला ते सांगायचे होते.

पहिल्या प्रयोगात आम्ही फजीत झालो. सुरांची फोड करण्याचे गणितही कार्डावरच टाकले, आणि चित्र उलट रेंगाळू लागले! थोडेसे आकडे न्यायचे, पुन्हा परत आणायचे, यातच वेळ जाई. चिमूटभर मिठासाठी शंभर वाढपी धावले, तर दुसरे काय होणार? फूरियेच्या रीतीची ही फोड झटपट करण्याची युक्ती कूली आणि टुकी यांनी १९६५ सालीच दिली आहे. तेवढे आचारी सहज उरकतो. म्हणून गणित त्याच्याकडे ठेवले, रंगकाम कार्डाकडे दिले.

खरी अडचण पुढेच होती, आणि ती यंत्राची नव्हती. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. त्यांतले २०४८ एका वेळी तपासले, तर सुमारे ४६ मिलिसेकंदांचा तुकडा हाती येतो, आणि सुरांतला फरक साडेएकवीस कंपनांच्या टप्प्यांनीच कळतो. सा २४० कंपनांचा धरला, तर कोमल रिषभ २५६ चा. फरक अवघा सोळाचा! दोघे एकदम वाजले, तर पडद्यावर एकच जाड रेघ. मग ८१९२ नमुने घ्यावेत? रेघा सुट्या होतात. पण तुकडा १८६ मिलिसेकंदांचा होतो. द्रुत लयीत तिरकिटची चार अक्षरे पाव सेकंदात निघून जातात. त्यांतली तीन एकाच चित्रात कालवली जातात.

कार्ड दहापट वेगवान आणले म्हणून हे सुटत नाही. सूर बारकाईने ओळखायचा, तर तो थोडा वेळ ऐकलाच पाहिजे. जे अजून वाजलेच नाही ते यंत्र कोठून ऐकणार? हे उमगेपर्यंत आम्ही महागडे कार्ड घेऊन बसलो होतो, हेही कबूल करतो.

शेवटी आम्ही पडद्याचे दोन भाग केले. वरच्या भागात ५१२ नमुन्यांचा, जेमतेम १२ मिलिसेकंदांचा तुकडा, तो तबल्यासाठी. खालच्या भागात ८१९२ नमुन्यांचा, तो गळ्यासाठी. आमचे तबलजी म्हणाले, “वरचे चित्र माझ्याबरोबर समेवर येते, खालचे मागाहून येते.” त्यांचे कान पक्के आहेत. खालचे चित्र खरोखरच मागाहून येते, आणि आम्ही ते तसेच ठेवले आहे.

आता व्यवस्थापकांनी दिवे घालवावेत. तबलजी प्रथम नुसता ‘ना’ वाजवतील, मग तिरकिट. आधी वर पाहा.